दार उघडल्यावर आत कोण शिरते?

रत्नागिरी, आषाढ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि आलेख मिळाले. लवचीक सच्छिद्र पदार्थांसाठी झायलीनचा प्रश्न, म्हणजे या द्रवाची पॅरा आणि मेटा ही एकाच सूत्राची पण वेगळ्या रचनेची रूपे वेगळी करण्याचा, तू निवडलास, याचा मनापासून आनंद झाला. पॉलिएस्टरच्या धाग्यासाठी लागणाऱ्या पॅरा-झायलीनचा उत्कलनबिंदू 138.4 अंश सेल्सिअस, तर मेटाचा 139.1, एवढ्याशा फरकावर ऊर्ध्वपातनाने ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून कारखान्यांत स्फटिकीकरण करतात किंवा झिओलाइट हे बारीक छिद्रांचे खनिज वापरतात.

झिओलाइटची छिद्रे जांभ्या दगडाच्या छिद्रांसारखी बहुतांशी ठाम असतात. धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेल्या तुझ्या सच्छिद्र धातू-सेंद्रिय चौकटीचे (एमओएफचे) तसे नाही. टोपात तिसऱ्या वाफवताना तू पाहिल्या असशील. बराच वेळ शिंपले मिटलेले राहतात आणि मग एकेक अचानक उघडते. तुझ्या आलेखातही कमी दाबाला अधिशोषण, म्हणजे छिद्रांत धरून ठेवलेली वाफ, जवळपास शून्य आहे आणि ठरावीक दाबाला रेघ एकदम वर चढते. फरक इतकाच की तिथे उष्णता दार उघडते, तर इथे पाहुणा रेणूच ते उघडतो, कारण छिद्राच्या भिंतीशी जुळल्यावर सुटणारी ऊर्जा चौकट वाकवण्याचा खर्च भागवते. सुसुमु कितागावा यांनी अशा लवचीक चौकटींची कल्पना 1998 मध्येच मांडली होती. 2025 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी आहेत.

आता माझी हरकत. तू पॅरा आणि मेटा स्वतंत्रपणे मोजलेस आणि दोन आलेखांतील अंतरावरून निवडक्षमता, म्हणजे चौकट एकाला दुसऱ्यापेक्षा किती पसंती देते ते, ठरवलीस. ठाम चौकटीत हा अंदाज बऱ्याचदा चालून जातो, पण इथे पॅराने उघडलेल्या दारातून मेटाही आत शिरू शकते, आणि ते स्वतंत्र मोजणीत कधीच दिसणार नाही. म्हणून मिश्रणाची वाफ चौकटीच्या गोळ्यांनी भरलेल्या नळीतून सोडून कोणता घटक कधी बाहेर पडतो, ते मोज. तीच नळी वाफेने पुन्हा पुन्हा भरून रिकामी कर, कारण फुगण्या-आक्रसण्याने दाबून केलेल्या गोळ्यांचा भुगा होतो. क्रोमियमच्या एमआयएल-53 या लवचीक चौकटीमध्ये आकारमान 40 टक्क्यांपर्यंत बदलते.

आपल्या किनाऱ्यावरची दमट हवाही विसरू नकोस. एका जूनमध्ये माझ्याकडून एमओएफ-5 या दुसऱ्या एका चौकटीच्या बाटलीचे झाकण रात्रभर सैल राहिले, आणि सकाळच्या क्ष-किरण आलेखात ओळखीची शिखरे उरली नव्हती, म्हणजे स्फटिकाची रचनाच मोडली होती. तुझी चौकट वेगळी आहे, तरी नळीत भरण्याआधी आणि नंतर असे दोन्ही क्ष-किरण आलेख घे.

गणपतीत घरी येशील तेव्हा मिश्रणाची मोजणी सोबत आण, कशीही आली असली तरी.

तुझा,
सर