'नाही' नक्की कोणाला म्हणता येत नाही: जर्मन ग्राहकाला की आपल्या साहेबांना?

तुम्ही विचारलंय की जर्मन ग्राहकाचे मेल फार तुटक असतात, कॉलवर ते सगळ्यांसमोर चुका काढतात, आणि तुमचे साहेब म्हणतात की आपल्या लोकांना संस्कृतीमुळेच 'नाही' म्हणता येत नाही. मग हा फरक सांभाळायचा कसा? साहेबांचं ते वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. चाकणच्या कारखान्यात मी ते बरीच वर्षं ऐकलंय आणि ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

आपल्या माणसाला 'नाही' उत्तम म्हणता येतं. रिक्षावाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला, लग्नाच्या बोलणीत समोरच्या पार्टीला आपण तोंडावर नाही म्हणतो. ऑफिसात तोच माणूस गप्प बसतो, कारण तिथे नाही म्हटल्याची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागते. आणि ती वसूल करणारा स्टुटगार्टला नसतो, शेजारच्या केबिनमध्ये असतो.

मी तेव्हा ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. वितळलेला धातू पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबाने भरून तिथे पार्ट बनायचे. ग्राहक स्टुटगार्टजवळचा, पार्ट पंपाचं हाउसिंग. मशिनिंग झाल्यावर लीक टेस्टला पार्ट गळायचे. एक्स-रे काढला तर पोरॉसिटी, म्हणजे धातूच्या आतली छिद्रं, स्पष्ट दिसत होती, जिथे भिंत सगळ्यात जाड तिथे, प्रत्येक पार्टमध्ये त्याच जागी. त्याच जागी म्हणजे ऑपरेटरचा दोष नव्हे. जाड भागातला धातू सगळ्यात शेवटी गोठतो, गोठताना आकसतो, आणि ती जागा भरायला मागून धातू पोचला नाही की आत पोकळी राहते. इलाज एकच, डाय उतरवून टूलरूमला पाठवायची, गेट, म्हणजे धातू आत शिरायची वाट, बदलायचं, त्या भागातलं कूलिंग सुधारायचं. पीपॅपच्या, म्हणजे उत्पादन सुरू करण्याआधी ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायच्या, तारखेत तेवढा वेळ नव्हता.

ग्राहकाला दर आठवड्याला ओपन पॉइंट लिस्ट जायची. साधी एक्सेल शीट: मुद्दा, जबाबदार व्यक्ती, तारीख आणि शेवटच्या रकान्यात लाल, पिवळा किंवा हिरवा रंग. मी ती ओळ लाल केली. शीट जाण्याआधी प्लँट हेडनी बोलावलं. "ग्राहकाला लाल दाखवायचं नसतं. पिवळं कर, आपण रात्रपाळी लावून उरकू." रात्रपाळी लावून डायमधलं गेट बदलत नाही. मी म्हटलं, "सर, एक्स-रेचे फोटो जोडलेत. खाली ते फोटो आणि वर पिवळा रंग, हे कसं दिसेल?" तर म्हणाले, "मग फोटो काढून टाक." मी काढले नाहीत. शीट लाल ओळीसकट आणि फोटोंसकट गेली.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या क्वालिटीवाल्याचा मेल आला. ख्यालीखुशाली नाही, थेट तीन प्रश्न. किती पार्ट तपासले? दोष डायमधल्या एकाच कॅव्हिटीत (पार्टच्या खाचेत) आहे की दोन्हीत? डायची दुरुस्ती कधी? सीसीमध्ये आमचे झाडून सगळे वरिष्ठ. ग्राहक भडकला असं सगळ्यांनी धरून टाकलं, दिवसभर कोणी माझ्याशी धड बोललं नाही. पण तो भडकला नव्हता, कामाला लागला होता. मी आकडे पाठवले. त्याच आठवड्यात त्याने त्यांच्याकडचा कास्टिंगचा जाणकार कॉलवर बसवला, आमच्या टूलरूमवाल्यांशी गेटच्या जागेवर दोन तास चर्चा झाली. पहिल्या मर्यादित लॉटसाठी डेव्हिएशन, म्हणजे अटींवर तात्पुरती मंजुरी, मिळालं: पार्ट इम्प्रेग्नेट करायचे, म्हणजे छिद्रं रेझिनने भरायची, शंभर टक्के लीक टेस्ट करून पाठवायचे, तोवर डाय दुरुस्त करायची. तारीख पुढे गेली, ऑर्डर शाबूत राहिली.

लाल रंग तिकडे गेला तेव्हा त्याचा अर्थ 'इथे निर्णय लागणार आहे' असा झाला. आमच्याकडे त्याचा अर्थ होता 'कोणाला धरायचं?' जर्मनीशी जमत नाही ते इथे. मेलच्या भाषेत नाही, नमस्कारात तर नाहीच.

त्या वर्षीच्या अप्रेजलमध्ये माझ्या नावापुढे शेरा आला: टीमशी जुळवून घेत नाही. आणि पुढे त्याच कंपनीने सगळ्यांसाठी 'सांस्कृतिक प्रशिक्षण' ठेवलं. प्रशिक्षकांनी देशोदेशींच्या संस्कृतींची आकड्यांत तुलना करणाऱ्या हॉफस्टेडे या डच अभ्यासकाचा तक्ता लावला, सत्तेच्या अंतराच्या, म्हणजे वरिष्ठ-कनिष्ठांतल्या दरीच्या, निर्देशांकात भारत 77, जर्मनी 35. निष्कर्ष असा की भारतीय माणूस ग्राहकाला नकार देऊ शकत नाही, तो त्याचा स्वभाव आहे. पहिल्या रांगेत आमचे प्लँट हेड मान डोलावत होते.

आता हा तक्ता तुम्हालाही कोणीतरी दाखवेलच, म्हणून सांगते. हॉफस्टेडेची मूळ आकडेवारी आयबीएम या एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांची आहे, 1967 ते 1973 या काळातली, आणि पुस्तकात आली 1980 मध्ये. एका कंपनीतल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या नोकरदारांवरून आजच्या अख्ख्या देशाचा स्वभाव काढायचा, यावर अभ्यासकांनीही पुष्कळ टीका केली आहे. पण तो आकडा खरा धरला तरी साहेबांची बाजू सिद्ध होत नाही. सत्तेचं अंतर मोजताना विचारलेल्या प्रश्नांपैकी एक असा होता: तुमच्या अनुभवात, वरिष्ठांशी असहमती दाखवायला कर्मचारी कितीदा घाबरतात? वरिष्ठांशी. ग्राहकाचा त्या प्रश्नाशी काही संबंध नाही. म्हणजे त्या खोलीत तो तक्ता बदलायला सांगत होता तो मान डोलावणाऱ्यांना, आणि प्रशिक्षण घेत होतो आम्ही.

तर तुमचा प्रश्न. जर्मनांच्या तुटक मेलला राग समजू नका. ते आपापसातही असंच बोलतात. त्यांच्याच डिझाइनवाल्याचं ड्रॉइंग त्यांच्याच क्वालिटीवाल्याने आमच्यादेखत फाडून काढलेलं मी पाहिलंय, आणि कॉल संपताना दोघं सुट्टीच्या गप्पा मारत होते. टीका कागदावर असते, तुमच्यावर नाही. एट-डी रिपोर्टमध्ये, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणाऱ्या अहवालात, मूळ कारण म्हणून 'ऑपरेटरला समज दिली' लिहिलंत तर ते परत येणारच, आणि यायलाच हवं. वाईट बातमी कळल्या दिवशी द्या, सोबत आकडा, फोटो आणि पुढची तारीख द्या. 'प्रयत्न करतो' हे उत्तर ते होकार म्हणून लिहून घेतात, म्हणून ते वापरूच नका.

व्यवहाराच्या गोष्टी झटपट सांगते. त्यांचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. कॉल त्यांच्या वेळेला बांधलेला असेल तर तो तुमच्या जेवणाच्या सुट्टीत घुसतो, ते आधीच बोलून घ्या. रजा कायद्याने किमान चार आठवडे, मोठ्या कंपन्यांत साधारण सहा, आणि ऑगस्टमध्ये स्टुटगार्टकडे शाळा बंद असल्यामुळे माणसं गायब असतात. त्यांच्या जागी कोण बघणार हे जुलैतच विचारून ठेवा. सुट्टीवरच्या माणसाला फोन लावू नका.

हे सगळं प्रोबेशनवर असलेल्या, डोक्यावर घराचा हप्ता असलेल्या माणसाने लगेच करावं असं मी म्हणत नाही. माझ्याकडे तेव्हा दुसऱ्या कंपनीची ऑफर होती, त्याचा आधार होता. तुम्हाला तो नसेल तर निदान एवढं करा: लाल ओळ फोटोंसकट आधी साहेबांना मेलने पाठवा. पिवळं करायचं असेल तर ते त्यांनी मेलवर लिहून सांगू द्या. तोंडी सांगितलं तर संध्याकाळी 'आपल्या बोलण्याप्रमाणे' म्हणून चार ओळींचा मेल टाका. मी पाहिलंय, लिहायची वेळ आली की बरेच जण पिवळ्याचा आग्रह सोडतात.

खरोखर उद्धट माणसंही तिकडे आहेत, सगळ्यांना रोखठोकपणाच्या नावाखाली माफ करू नका. एखादा माणूस पार्टबद्दल न बोलता तुमच्याबद्दल बोलायला लागला, तर त्याच कॉलवर त्याला थांबवा. आणि माझा अनुभव दक्षिण जर्मनीतल्या वाहन उद्योगापुरता आहे, जपानी ग्राहकाला हे जसंच्या तसं लावू नका. शेवटची एक गोष्ट, कारण त्यावरून आमच्याकडे हटकून गैरसमज व्हायचा. कॉलमध्ये मध्येच म्यूट करून मराठीत खल करायची आपल्याला सवय आहे, समोरच्याला वाटतं काहीतरी लपवताहेत. आधी सांगा, 'आम्हाला आपसात बोलायला दोन मिनिटं हवीत.' ते खुशाल देतात, आणि त्यांना लागतील तेव्हा मागतातही.