लाल शाईच्या चार नोंदी आणि अडकलेली पेन्शन

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर पायदळात शिपाई होते. नोकरी झाली 13 वर्षं 4 महिने. दारूच्या तीन आणि रजेवरून उशिरा आल्याची एक, अशा चार रेड इंक एंट्र्या, म्हणजे शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी, पडल्या आणि 2021 च्या डिसेंबरात त्यांना घरी पाठवलं. आता दोन वर्षं झाली, दारूला शिवलेले नाहीत, चाकणला सिक्युरिटीत आहेत. पुतण्याने मोबाईलवर वाचून सांगितलं की 'डिस्चार्ज अपग्रेड' करून मिळतो. तो आपल्याकडे होतो का आणि पेन्शनचं काय, हे तुम्हाला हवंय.

पुतण्या वाचतोय ते अमेरिकेचं आहे. तिथे सैनिकाला सोडताना 'ऑनरेबल', 'जनरल', 'अदर दॅन ऑनरेबल' असे दर्जे लावतात, आणि लागलेला दर्जा वर सरकवून घ्यायला वेगळं बोर्ड आहे. सुटल्यापासून 15 वर्षांत त्या बोर्डाकडे अर्ज करता येतो. आपल्या फौजेत हे नाही. नुसता शेरा बदलून द्या म्हणून अर्ज केलात तर जवानांचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून दोन ओळींचा नकार येईल. आपल्याकडे घरी पाठवण्याचा तो हुकूमच नियमाला धरून नव्हता, हे दाखवावं लागतं. ते जमलं की पेन्शनही मागता येते.

मी युनिटच्या ऑफिसात 22 वर्षं कारकुनी केली. अशा 'शो कॉज', म्हणजे कारणे दाखवा, नोटिसा या हातांनी टाइप केल्या आहेत, त्यामुळे फाईल कुठे पोकळ असते ते मला ठाऊक आहे.

आधी डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक, काढा आणि नोकरीतून कमी केल्याचं कारण लिहिलंय ती ओळ बघा. तिथे 'डिसमिस' असेल तर प्रकरण फार अवघड आहे, कारण बडतर्फ माणसाची आधीची सगळी नोकरी पेन्शनपुरती बुडते. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तिथे 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड' (सेवेची आता गरज नाही) आणि आर्मी रूल 13 असं काहीतरी असणार. हा रूल 1954 चा. त्याखाली ब्रिगेड किंवा सब एरिया कमांडर जवानाला कमी करू शकतो, मात्र आधी नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं.

आता खरी गोम. चार लाल नोंदी झाल्या की माणूस घरी, असा समज प्रत्येक लंगरात, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, आहे. आमच्या ऑफिसातही होता. चौथी एंट्री पडली की साहेबाने सांगायच्या आधीच आम्ही नोटिशीचा मसुदा काढायचो. पण सेना मुख्यालयाचं 28 डिसेंबर 1988 चं पत्र आहे, त्यात उलटंच लिहिलंय. चार नोंदी झाल्या म्हणून काढलंच पाहिजे अशी कायद्याची अट नाही. प्रत्येक नोंद कशाबद्दल होती ते सीओने, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरने, बघायचं, जवान किती कठीण ठिकाणी राहिला ते बघायचं, पेन्शनच्या जवळ आलेल्या माणसाशी विनाकारण कठोर व्हायचं नाही. आणि नोटीस द्यायच्या आधी निःपक्ष प्राथमिक चौकशी करायची.

ती चौकशी बहुतेक फाईलींत नसते. नोटीस असते, जवानाचं उत्तर असतं, सीओची शिफारस असते, वरची मंजुरी असते. चौकशीचा कागद शोधायला गेलं की खाली पंच केलेली भोकंच दिसतात. उत्तराचं तर विचारूच नका. जवान माझ्या टेबलासमोर स्टुलावर बसायचा, टोपी मांडीवर, आणि म्हणायचा, "बाबूजी, काय लिहू?" मी सांगायचो, लिही, चूक झाली, पुन्हा होणार नाही, माफ करावं. वाटायचं, नरमाईने घेतलं तर साहेब विरघळेल. वर गेल्यावर तोच कागद गुन्ह्याची कबुली म्हणून वाचला जायचा. तुमच्या मिस्टरांना विचारा, त्यांचं उत्तर कोणी सांगून लिहून घेतलं का.

याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, वीरेंद्र कुमार दुबे विरुद्ध चीफ ऑफ आर्मी स्टाफ, ऑक्टोबर 2015 चा. चार नोंदी म्हणजे आपोआप डिस्चार्ज नव्हे, 1988 च्या पत्रातली चौकशी आणि विचार झाला पाहिजे, असं कोर्टाने म्हटलं. त्या माणसाला परत वर्दी मिळाली नाही, मधल्या काळाचा पगारही नाही. पण पेन्शनला लागते तेवढी नोकरी पूर्ण झाली असं धरून पेन्शन द्यायला लावली. वकिलाकडे जाताना हे नाव चिठ्ठीवर लिहून न्या. वकिलाला ते माहीत नसेल तर दुसरा वकील बघा.

लगेच हरखून जाऊ नका. 2019 मध्ये सतगुर सिंग नावाच्या शिपायाच्या प्रकरणात त्याच कोर्टाने डिस्चार्ज कायम ठेवला. सरकारी वकील तो निकाल हमखास पुढे करतात. म्हणून नोंदी किती यापेक्षा कसल्या, कधीच्या आणि कुठल्या, यावर तुमची केस उभी राहील. तुम्ही ओझरतं लिहिलंय की सासरे वारले ते साल आणि मिस्टरांचं उंचावरचं पोस्टिंग एकाच वेळी आलं. तीन नोंदी त्या आठ-दहा महिन्यांतल्या असतील आणि आधीची अकरा-बारा वर्षं पाटी कोरी असेल, तर ते ठळकपणे मांडायला हवं.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगतो. फौजेत दारूला दोन दारं आहेत. एका दारावर सीओ बसतो, दुसऱ्यावर डॉक्टर. सीओच्या दारातून गेलं की आर्मी ॲक्टचं कलम 48, नशेत सापडणे, शिक्षा, लाल शाई. डॉक्टरच्या दारातून गेलं की तोच माणूस 'अल्कोहोल डिपेंडन्स सिंड्रोम'चा पेशंट: मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात भरती, खालची मेडिकल कॅटेगरी (तब्येतीचा दर्जा), काही महिने देखरेख आणि सुधारणा नसेल तर मेडिकल बोर्ड. फरक कुठे पडतो बघा. डिस्चार्ज झालेल्या जवानाला पेन्शनसाठी 15 वर्षं लागतात. मेडिकल बोर्डाने आजारी ठरवून घरी पाठवला तर 10 वर्षांवर इनव्हॅलिड पेन्शन बसते. तुमच्या मिस्टरांची तेरा झाली होती! दार बदललं असतं तर आज घरात महिन्याला पैसे आले असते. (कँटीनमध्ये कोट्याने रम आम्हीच विकायची आणि पिऊन पडला की आम्हीच लाल शाई उघडायची, हे मला नोकरीत असतानाही कधी पचलं नाही. असो.)

म्हणून आठवून सांगा: त्यांना कधी मिलिटरी हॉस्पिटलात दारूसाठी किंवा 'डोक्याच्या डॉक्टर'कडे पाठवलं होतं का? कॅटेगरी लागली होती का? हॉस्पिटलची एखादी स्लिप ट्रंकेत आहे का? उपचार चालू असताना किंवा कॅटेगरीत असताना डिस्चार्ज केला असेल, तर आजारी माणसाला गुन्हेगार म्हणून काढलं, हा मुद्दा वकिलाला जोरात मांडता येईल. मात्र डिसेबिलिटी पेन्शनची आशा धरू नका. अतिरेकी दारूमुळे आलेल्या अपंगत्वाला नियमांतच भरपाई नाही.

कोणीतरी तुम्हाला म्हणालं की कमी पडलेली नोकरी माफ होते. होते, पण 12 महिन्यांपर्यंत. तुमची तूट 20 महिन्यांची आहे. त्या वाटेने जाऊन उगाच वर्ष घालवू नका.

कामाला असं लागा. पहिला अर्ज माहिती अधिकाराचा, 10 रुपयांचा, मिस्टरांच्या सहीने, त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला. मागा: कंडक्ट शीट (शिक्षांच्या नोंदी), शीट रोल (नोकरीच्या नोंदी), शो कॉज नोटीस, तिचं उत्तर, प्राथमिक चौकशीचे कागद, डिस्चार्जची मंजुरी आणि सगळे मेडिकल कागद. 'चौकशीचे कागद उपलब्ध नाहीत' असं लेखी उत्तर आलं तर ते फ्रेम करून ठेवा, इतकं मोलाचं आहे. 30 दिवसांत काहीच आलं नाही तर पहिलं अपील.

कागद आल्यावर रेकॉर्ड ऑफिसमार्फत सेना मुख्यालयाला निवेदन द्या, कारण आधी खात्याकडे दाद मागितली होती का, हे ट्रिब्युनल विचारतं. मग आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजेच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण. मुंबईत बेंच आहे, आणि निवृत्त किंवा कमी केलेल्या माणसाला आपण राहतो तिथल्या बेंचकडे जाता येतं. युनिट जम्मूत होतं म्हणून जम्मूला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत मात्र सहा महिन्यांची असते आणि ती तुमची कधीच उलटली. उशीर माफ करायचा अर्ज सोबत लागेल. त्यात 'गरिबीमुळे' एवढंच लिहू नका. कोणत्या साली व्यसन किती होतं, कधी उपचार घेतले, कधी सावरले, ते तारखांनिशी लिहा, कागद जोडा. पेन्शन दर महिन्याची असते म्हणून उशीर चालतो, असं काही जण सांगतील. पेन्शनपुरतं ते अर्धं खरं आहे, पण तशा प्रकरणात थकबाकी सहसा अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. आणि तुम्हाला आधी डिस्चार्जच्या हुकमाला आव्हान द्यायचंय. तो एकदाच निघालेला हुकूम आहे, तिथे उशिराचं कारण द्यावंच लागेल.

दोन वर्षं दारू सुटली आहे, त्याचं वजन किती? खरं सांगू, कमीच. ट्रिब्युनल बघतं ते त्या दिवशी नियम पाळले का. मुक्तांगण किंवा जिथे उपचार झाले तिथलं पत्र जोडाच, उशिराच्या अर्जाला ते कामी येतं. पण त्यावर केस उभी राहत नाही.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या, निवेदनाचा नमुना तिथे मिळू शकेल. गैरवर्तनावरून कमी केलेल्याला सरकारी नोकरभरतीसाठी 'माजी सैनिक' धरत नाहीत, त्यामुळे खिडकीवर कोणी तसं तोंडावर म्हणालं तर भांडत बसू नका. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात उत्पन्नाच्या अटीवर मोफत वकील मिळतो. 'पेन्शन काढून देतो, चाळीस टक्के आमचे' म्हणणारा कोणी गावात आला तर मूळ डिस्चार्ज बुक त्याच्या हातात देऊ नका.

आणि मिस्टरांना एवढं विचारून कळवा: नोटीस हातात कधी पडली, उत्तर कधी दिलं आणि डिस्चार्जचा हुकूम कोणत्या तारखेचा. मी एका फाईलीत या तिन्ही तारखा एकाच आठवड्यातल्या पाहिल्या आहेत. नोटीस इंग्रजीत होती का आणि कोणी वाचून दाखवली का, हेही विचारा.