वजने उचलण्यासाठी धावण्याचे बूट चालतील का?

स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन उकिडवे बसून उठणे) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलत उभे राहणे) यांसाठी धावण्याचेच बूट वापरले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. हलक्या वजनाला फारसे बिघडत नाही, पण वजन वाढू लागले की ते बूट बाजूला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. धावताना बसणारा हादरा शोषण्यासाठी त्यांच्या तळाला जाड, मऊ फोम असतो. खांद्यावर बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजने लावलेला बार, आल्यावर तोच फोम कमी-अधिक दबतो, पाऊल आत किंवा बाहेर कलते आणि गुडघ्याची दिशा चुकते.

डेडलिफ्टसाठी पातळ, सपाट आणि कडक तळाचे बूट उत्तम, कारण टाच जितकी उंच तितकी बार अधिक उचलावी लागते. साधे कॅनव्हासचे बूटही हे काम चोख करतात, त्यासाठी महागडी जोडी घेण्याची गरज नाही.

स्क्वॉटचे मात्र थोडे वेगळे आहे. घरी अनवाणी उकिडवे बसून पाहा. टाचा जमिनीवरून सुटत असतील किंवा तोल मागे जात असेल, तर घोटा पुरेसा वाकत नसण्याची शक्यता आहे. अशा वेळी साधारण 15 ते 22 मिलिमीटर उंच, कडक टाचेचे वेटलिफ्टिंगचे बूट घातल्यास गुडघा सहज पुढे जातो आणि पाठ ताठ राहते.

दुकानात टाचेजवळचा तळ अंगठ्याने जोरात दाबून पाहा. तो खोल दबला, तर ती जोडी घेऊ नका. बोटांना पसरायला जागा आहे ना, हेही पायात घालून, उभे राहून तपासा.