इंग्रजीत विमानतळाचं नाव कसं घ्यायचं?

प्रश्न : मुलगी लंडनला शिकायला आहे. तिला भेटायला निघताना तिच्या घरमालकिणीला मेसेज केला : 'आय विल रीच ॲट द हीथ्रो ऑन संडे.' मुलगी म्हणते, यात दोन चुका आहेत. कोणत्या?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : 'हीथ्रो'आधी 'द' नको, आणि 'रीच'नंतर 'ॲट' नको. 'आय विल रीच हीथ्रो ऑन संडे' किंवा 'आय विल अराइव्ह ॲट हीथ्रो' असं लिहा. तिकडची माणसं बहुधा 'आय लँड ॲट हीथ्रो ऑन संडे' म्हणतील. त्यात उतरण्याची वेळही घाला, कारण न्यायला येणाऱ्याला तीच आधी हवी असते.

'द'चा घोळ आपल्याकडे दोन्ही बाजूंनी होतो. मराठीत असा शब्दच नसल्यामुळे जिथे हवा तिथे तो गळतो आणि नको तिथे घुसतो. नुसतं 'एअरपोर्ट' म्हणायचं असेल तर 'द' हवाच : 'आय ॲम गोइंग टू द एअरपोर्ट'. पण त्याआधी नाव आलं की 'द' जातो : 'हीथ्रो एअरपोर्ट', 'गॅटविक', 'ओ'हेअर'. नाव कितीही लांबलचक असलं तरी हेच. 'छत्रपती शिवाजी महाराज इंटरनॅशनल एअरपोर्ट'लाही वाक्यात 'द' लागत नाही. रेल्वे स्टेशनांचंही तसंच, 'व्हिक्टोरिया स्टेशन'. हॉटेलं आणि संग्रहालयं मात्र 'द' घेतात, 'द ताज', 'द ब्रिटिश म्युझियम'. त्यांचं ऐकून आपण विमानतळालाही 'द' लावून टाकतो. हीथ्रोहून शहरात जाणाऱ्या गाडीला 'द हीथ्रो एक्स्प्रेस' म्हणतात, पण तो 'द' गाडीचा आहे, हीथ्रोचा नव्हे.

शहराला 'इन', विमानतळाला 'ॲट' : 'आय ॲम इन लंडन', पण 'आय ॲम ॲट हीथ्रो'. टर्मिनल आणि गेटलाही 'ॲट' चालतो, आणि आकडा असला की 'द' नाही : 'ॲट टर्मिनल फाइव्ह', 'ॲट गेट ट्वेल्व्ह'. हीथ्रोवर सध्या २, ३, ४ आणि ५ ही टर्मिनलं आहेत, १ क्रमांकाचं २०१५मध्ये बंद झालं. चुकीच्या टर्मिनलवर उतरलात तर दुसऱ्यावर जायला बहुधा बस किंवा ट्रेन धरावी लागते. म्हणून मेसेजमध्ये 'हीथ्रो'पाशी थांबू नका, टर्मिनलचा आकडा लिहा.

प्रश्न : परदेशी पाहुण्यांशी फोनवर बोलताना आपल्या विमानतळाला सांबरा म्हणायचं, बेळगाव की बेळगावी? हीथ्रोसुद्धा मुळात गावाचंच नाव ना?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : हो, हीथ्रो ही लंडनच्या पश्चिमेची एक छोटी वस्ती होती. विमानतळासाठी १९४४मध्ये ती पाडली, नाव तेवढं उरलं. सांबरा गाव आजही नांदतं आहे आणि आपल्या तोंडी 'सांबऱ्याला सोडून येतो' हेच असतं. ते बरोबरच आहे. पण इंग्रजीत गावाचं नाव रुळतं ते शहराला एकाहून जास्त विमानतळ असले की. लंडनच्या नावाने सहा चालतात, म्हणून नुसतं 'लंडन एअरपोर्ट' म्हणून भागत नाही. बेळगावला एकच आहे. त्यामुळे बाहेरच्या माणसाला 'सांबरा' सांगितलंत तर त्याला काहीच कळणार नाही. 'बेलगावी एअरपोर्ट, इन नॉर्थ कर्नाटक' असं सांगा.

शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ला बदललं, तिकिटावरचा कोड मात्र तोच राहिला : आयएक्सजी. मुंबईचा बीओएम आणि चेन्नईचा एमएए हेही जुन्या नावांवरूनच आहेत. पाहुणे स्वतः तिकीट काढणार असतील तर त्यांना हा कोडच कळवा. बेळगाव, बेलगाम, बेळगावी यांतलं कुठलं स्पेलिंग टाकायचं हा प्रश्नच मग उरत नाही.

प्रश्न : खानापूरहून गोव्याचं विमान पकडायचं होतं. गाडीवाल्याला 'गोवा एअरपोर्ट' सांगितलं, तो दाबोळीला घेऊन गेला, विमान मोपाचं होतं. तिकिटावर तर 'मनोहर इंटरनॅशनल' होतं!
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ५ जानेवारी २०२३पासून मोपाहून विमानं सुटू लागली आणि तेव्हापासून 'गोवा एअरपोर्ट' हे शब्द अपुरे झाले. दाबोळी दक्षिणेत वास्कोजवळ, मोपा उत्तरेला पेडण्यात. चुकल्यावर मागे फिरून विमान मिळणं कठीणच. 'मनोहर इंटरनॅशनल' हे कागदावरचं नाव, बोलताना इंग्रजीतही लोक 'मोपा'च म्हणतात. तिकीट हाती आलं की आधी कोड बघा : जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. मग गाडीवाल्याला गावाचं नाव सांगा आणि तेच मेसेजमध्येही टाका. चोर्ला घाट उतरल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात, तेव्हा गाडी ठरवतानाच हे पक्कं करा. मुंबईलाही आता हेच करावं लागेल. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झालं आणि त्याचा कोड एनएमआय आहे.

प्रश्न : अमेरिकेत कोडच बोलतात, असं ऐकलं. मग नावं पाठ करायची गरज आहे का?
– एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : आहे, कारण काही ठिकाणी कोड चालतो, काही ठिकाणी नाव. न्यूयॉर्कचा 'जेएफके', लॉस एंजेलिसचा 'एलएएक्स' आणि सॅन फ्रान्सिस्कोचा 'एसएफओ' अक्षरं सुटी करून बोलतात. 'लॅक्स' असा एक शब्द करू नका. उलट शिकागोचा कोड ओआरडी आहे, पण तिथे तोंडी 'ओ'हेअर'च. बॉस्टनला 'लोगन'. लंडनचा माणूसही गप्पांत हीथ्रोला 'एलएचआर' म्हणत नाही, ती अक्षरं बॅगेच्या पट्टीवर.

सगळ्यात जपायची जोडी म्हणजे डलस आणि डॅलस. पहिला वॉशिंग्टनजवळचा विमानतळ, कोड आयएडी. दुसरं टेक्ससमधलं शहर, तिथल्या मोठ्या विमानतळाचा कोड डीएफडब्ल्यू. मध्ये हजार मैलांहून जास्त अंतर. आपण दोन्हीला 'डल्लास' म्हणून मोकळे होतो आणि ऐकणारा टेक्सस समजतो. पहिल्याला 'वॉशिंग्टन डलस' असं जोडूनच म्हणा. नेवार्क आणि न्यूयॉर्क यांतही फोनवर अशीच गफलत होते. नेवार्क न्यू जर्सीत आहे, कोड ईडब्ल्यूआर. फोनवर शंका आलीच तर कोडची तीन अक्षरं एकेक करून सांगा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.