सुट्टीचा भोंगा

"वर्षभरात मुलगा दुसरी नोकरी सोडायला निघाला आहे, आजच्या पोरांना सोसायची सवयच राहिलेली नाही," ही तक्रार घेऊन येणारे पालक सांगलीतील माझ्या समुपदेशन केंद्रात वरचेवर भेटतात. त्यांच्या काळजीला उत्तर म्हणून एका कुटुंबाचा अनुभव, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

वडील साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे रस आटवून साखर तयार करणाऱ्या 'पॅन' या मोठ्या भांड्यावरचे कामगार, म्हणून ३१ वर्षे काढून निवृत्त झालेले. मुलगा २४ वर्षांचा, मेकॅनिकलचा पदवीधर, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नियोजन विभागात ट्रेनी. पहिल्या भेटीत बोलले ते वडीलच. "मॅडम, आम्ही हंगामात रात्रपाळ्या केल्या, कधी कुरकुर केली नाही. ह्याला एसीत बसून काय त्रास होतोय?" मुलगा मान खाली घालून बसला होता. त्याने टेबलावर पालथा ठेवलेला मोबाईल सारखा थरथरत होता आणि दर वेळी त्याचा हात तिकडे जाऊन अर्ध्यावरून मागे येत होता. त्या दिवशी रविवार होता.

पाळी संपली हे तुम्हाला कसे कळायचे, असे मी वडिलांना विचारले. "भोंगा व्हायचा की. पुढच्या पाळीचा माणूस आला की पॅन कुठवर आलाय ते त्याला सांगायचं आणि सायकल काढायची." त्यांचे काम मुलाच्या कामापेक्षा अंगमेहनतीचे होते यात शंका नाही, पण त्या कामाला शेवट होता आणि ते ज्याच्या हाती सोपवायचे असा माणूस समोर उभा असे. मुलाच्या वाट्याला यांपैकी काहीच आलेले नव्हते, हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले.

१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जागतिक आरोग्य संघटनेने 'बर्नआउट'ची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित अवस्था म्हणून केली आहे. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मन विटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे, ही तिची तीन अंगे. मुलात तिन्ही दिसत होती. मात्र मोबाईल बहिणीकडे दिला की त्याला शांत झोप लागत होती आणि मित्रांबरोबर क्रिकेट खेळताना तो रमत होता. मरगळ अशी सगळीकडे पसरलेली असती, तर मी त्याला आधी मनोविकारतज्ज्ञांकडेच पाठवले असते. तरीही रात्री-अपरात्री गरज भासल्यास असावा म्हणून टेली मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक त्याला लिहून दिला.

पंधरा दिवस त्याने एका वहीत, घरी आल्यावर कामाच्या मोबाईल ग्रुपवर आलेला प्रत्येक निरोप आणि त्याचे उत्तर त्याच रात्री देणे खरोखर आवश्यक होते का, हे लिहून काढले. बहुतेक निरोप दुसऱ्या दिवशीच्या डिस्पॅचचे, म्हणजे माल रवाना करण्याचे, होते आणि सकाळी आठला उत्तर दिले असते तरी चालले असते. रात्रीच उत्तर हवे होते असे तीनच. पण वहीच्या मागच्या पानावर, मी न सांगता त्याने लिहिलेले वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटले: 'आठ महिन्यांत माझं काय बरोबर आणि काय चुकलं हे कुणीच सांगितलेलं नाही.' तरुणांच्या अपेक्षा वाढल्या आहेत असे आपण सरसकट म्हणतो. माझ्यासमोर बसलेल्या अनेकांची अपेक्षा मात्र एवढीच असते की, वरिष्ठाने दहा मिनिटे समोर बसवून आपल्या कामाविषयी नीट बोलावे.

साहेबांशी काय बोलायचे याचा सराव आम्ही दोन भेटींत केला. सोडून जाण्याची धमकी नको, वही मात्र सोबत हवी, असे ठरले. मशीन बंद पडले तरच रात्री फोन करायचा, हे साहेबांनी मान्य केले; कामाविषयी महिन्यातून एकदा बोलण्याची विनंती मात्र हसण्यावारी नेली. त्याची झोप सुधारली, मन मात्र तिथे लागले नाही आणि सहा महिन्यांनी, दुसरीकडचे पत्र हाती आल्यावर, त्याने ती नोकरी सोडली. हे मी अपयश मानत नाही, कारण पहिल्या भेटीच्या वेळी तो हातात काहीही नसताना राजीनामा लिहून बसला होता.

ही बातमी मला वडिलांनीच फोन करून दिली. मुलाखतीच्या शेवटी मुलाने म्हणे विचारले की, इथे माझे काम कोण तपासणार आणि ते मला कधी सांगणार? "मॅडम, असं विचारलेलं चालतं का हो?" त्यांच्या आवाजात धाकधूक होती. चालते, रुजू होण्याआधीच विचारलेले बरे, असे मी म्हणाले.