सर्व्हिसिंग झालेलं विमान जास्त सेफ असतं ना?

प्रश्न : माझा पोऱ्या धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर पायलटचं ट्रेनिंग घेतोय. परवा फोनवर म्हणे, आई टेन्शन घेऊ नको, उद्याचं विमान कालच सर्व्हिसिंग होऊन आलंय. पण २०२१ ला चोपड्याकडे वर्डीजवळ ट्रेनिंगचं विमान पडलं तेव्हापासून विमानाचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो. सर्व्हिसिंग झालेलं विमान जास्त सेफच ना?
— एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, वर्डीला एक इन्स्ट्रक्टर गेला, त्यावर अंदाजाने बोलणं बरोबर नाही म्हणून तो विषय इथे घेत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र थोडं उलटं आहे. इंजिन नुकतंच उघडून बंद केलंय ना, त्यानंतरचे पहिले काही तास जास्त जपायचे असतात.

हे नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात वॉडिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाच्या टीमने ब्रिटिश कोस्टल कमांडच्या (समुद्रावर गस्त घालणाऱ्या हवाई दलाच्या) बॉम्बर विमानांच्या नोंदी तपासल्या, तर अचानक निघणारे बिघाड दर ५० तास उडाल्यावर होणाऱ्या तपासणीनंतर लगेच सगळ्यात जास्त दिसले आणि पुढे कमी होत गेले. म्हणजे चांगलं चाललेलं उगाच उघडलं की त्यातूनच काहीतरी बिघडत होतं, म्हणून मग तपासण्यांमधलं अंतर वाढवलं.

चुका दिसायला एवढ्याशा असतात. ऑईल फिल्टर बदलताना जुनं रबरी गॅस्केट इंजिनलाच चिकटून राहतं, मेकॅनिकच्या लक्षात येत नाही, नवीन फिल्टर त्याच्यावरच बसतो, जमिनीवर सगळं ठीक वाटतं आणि हवेत प्रेशर आलं की तेल बाहेर, तेल संपलं की इंजिन जाम. किंवा फ्युएल पाईपचा नट नुसता हाताने फिरवून ठेवला, पाना लावायच्या आत कोणीतरी हाक मारली, तो तसाच राहिला. सगळ्यात वाईट म्हणजे सिलिंडरचे नट. ट्रॅक्टरचे नट आपला मिस्त्री हाताच्या अंदाजाने आवळतो, इथे ते चालत नाही, टॉर्क रेंचनेच ठरल्या मापाने आवळायचे आणि नटाखाली रंगाचा थर सुद्धा नको, कारण चालता चालता तो रंग दबतो, नट ढिला पडतो, बोल्ट तुटतात आणि सिलिंडर इंजिनपासून सुटू शकतो.

म्हणून पोऱ्याला सांगा, विमान मेंटेनन्समधून आलं की आधी टेक लॉग (विमानाच्या कामाची नोंदवही) वाचायचा, नेमकं काय उघडलं होतं ते बघायचं, इंजिनियरची सही आहे का बघायची. मग इंजिन जमिनीवर चालवून बंद करायचं, काउलिंग (इंजिनवरचं झाकण) उघडून टॉर्च मारायचा. फिल्टरखाली ओलं तेल आहे का, सेफ्टी वायर (फिल्टर आपोआप ढिला होऊ नये म्हणून बांधलेली तार) आहे का, पाईपच्या जोडावर निळसर डाग आहे का (विमानाचं पेट्रोल, एव्हीगॅस १००एलएल, निळं असतं, गळती त्यावरून कळते). मोठं काम झालं असेल तर पहिलं उड्डाण अनुभवी पायलटनेच करावं, स्टुडंटला घेऊन नाही, हे माझं ठाम मत आहे.

आणि इंजिन बंद पडलं तरी विमान दगडासारखं पडत नाही ताई, सेस्ना १७२ सारखं विमान हजार फुटांवरून अडीचेक किलोमीटर तरंगत जातं, ते कसं उतरवायचं हे त्याला सुरुवातीपासूनच शिकवतात. खरी भीती टेकऑफनंतर लगेच बंद पडण्याची, कारण तेव्हा उंचीच नसते. म्हणून धावपट्टीवर आरपीएम किंवा ऑईल प्रेशर जरा जरी वेगळं वाटलं तर तिथेच थ्रॉटल मागे घ्यायचा (इंजिनची ताकद कमी करायची), परत यायचं आणि लॉगमध्ये लिहायचं. इन्स्ट्रक्टर रागावला तरी चालेल.