तेराव्या वर्षी ‘चोरांची’ कादंबरी: आईची काळजी आणि मुलीचं अडलेलं पान

“मॅडम, हिच्या वयाला हे चालेल का? यात सगळे चोरच आहेत. एकाचा डोळा काढतात, एक मुलगी कोठ्यावरून आलेली आहे. आणि गेले तीन आठवडे ही रात्री दचकून उठते, माझ्या खोलीत येऊन झोपते.”

आठवीतल्या, इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलीची आई पुस्तक सोबत घेऊनच समुपदेशनासाठी आली होती. ली बार्डुगो यांची ‘सिक्स ऑफ क्रोज’ ही २०१५ सालची कादंबरी. (ओळख पटू नये म्हणून केसचे तपशील बदलले आहेत.) कथानक थोडक्यात असं: ॲमस्टरडॅमवर बेतलेलं केटरडॅम हे काल्पनिक बंदर. तिथल्या एका टोळीतला सतरा वर्षांचा काझ पाच साथीदार जमवतो आणि ‘आइस कोर्ट’ नावाच्या अभेद्य किल्ल्यातून एका शास्त्रज्ञाला पळवून आणायचं काम घेतो. मोबदला तीन कोटी क्रूगे (तिथलं चलन).

पोरं चोऱ्या करायला शिकतील ही भीती सोडून द्यायला हरकत नाही. पहारेकऱ्यांच्या वेळा, वेशांतर, ऐन वेळी फसलेला बेत यांत मुलांना कोडं सोडवल्याची मजा मिळते. तेवढ्यावर कुणी कपाट फोडायला जात नाही.

डोळ्याचा प्रसंग आहे, आणि तो बीभत्सच आहे. पण तो थोडक्यात आटोपतो आणि बहुतेक मुलं “ईऽऽ” करून पुढे जातात. खरं जड असतं ते पात्रांच्या भूतकाळात. काझची साथीदार इनेज चौदाव्या वर्षी कोठ्यावर विकली गेलेली आहे. तिथली वर्णनं लेखिकेने उघडी मांडलेली नाहीत. मात्र त्या काळात ती मनाने शरीरातून निघून जायला शिकली, हे येतं. अत्याचार सोसलेल्या मुलांकडून समुपदेशकाला हेच ऐकायला मिळतं, त्यामुळे ही पानं वरवरची नाहीत. काझ नऊ वर्षांचा असताना साथीत त्याचा भाऊ दगावतो आणि काझलाही मेलेला समजून प्रेतं वाहणाऱ्या पडावात (मोठ्या होडीत) टाकतात. भावाच्या फुगलेल्या देहाचा आधार घेऊन तो पोहत किनाऱ्याला लागतो. पुढे त्याला कुणाच्या कातडीचा स्पर्श सहन होत नाही, म्हणून कायम हातमोजे. कैद्यांनी खच्चून भरलेल्या तुरुंगाच्या गाडीत तो बेशुद्धच पडतो.

आईने पुस्तक चाळलं होतं. मुलगी कुठवर पोचली आहे हे मात्र विचारलं नव्हतं. अशा केसमध्ये हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. खुणेची पट्टी त्या तुरुंगाच्या गाडीपाशीच होती. पुस्तक संपलं असं घरी सगळे धरून चालले होते, पण मुलगी त्या पानावर अडून बसली होती.

तिला एकटीला बसवून “काय वाईट वाटलं?” असं न विचारता “काझची गोष्ट मला सांग” एवढंच म्हटलं. पडावापर्यंत आली आणि म्हणाली, “आजोबांनापण असंच नेलं ना? सगळ्यांबरोबर?” आजोबा २०२१च्या दुसऱ्या लाटेत गेले. देह घरी आणला नव्हता, अंत्यसंस्काराला घरातलं एकच माणूस गेलं होतं. नऊ वर्षांच्या नातीला “आजोबा देवाघरी गेले” एवढं सांगून विषय मिटवला होता. चार वर्षं तिने त्याबद्दल कुणाला काही विचारलं नाही.

म्हणजे पुस्तकाने भीती नव्याने घातली नव्हती. आत होतं ते वर आणलं. त्यामुळे पुस्तक काढून घेतल्याने झोप लागणार नव्हती.

यात आईने काय करायचं हे ठरवून दिलं. आजोबांचं नेमकं काय झालं ते खरं सांगायचं: कोणत्या रुग्णालयात होते, कुणी नेलं, अस्थी कुठे विसर्जित केल्या. माहीत नसेल ते “मला माहीत नाही” असं म्हणायचं, कारण मुलं रिकाम्या जागा वास्तवापेक्षा भयंकर गोष्टींनी भरतात. “अगं, गोष्टच आहे ती” हे वाक्य बंद. पडावाचं पान दोघींनी मिळून, दिवसाउजेडी वाचायचं, आणि मधे थांबायची मुभा मुलीला. झोपण्याआधी तासभर हे पुस्तक नको, एरवी दिवसाला वीस-पंचवीस पानं. काही दिवसांत ती आपल्या खोलीत झोपू लागली. दचकणं त्यानंतरही थोडं राहिलं, हळूहळू ओसरलं.

अशी लक्षणं महिन्याहून जास्त टिकली, शाळा-जेवण बिघडलं किंवा मूल स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. इनेजबद्दल बोलताना मूल स्वतःवरच्या अत्याचाराबद्दल काही सांगू लागलं, तर उलटतपासणी न करता ऐकून घ्यावं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ही माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८.

वयाचं म्हणाल तर चौदा-पंधराच्या पुढे, वाचायची सवय असलेल्या मुलांना खुशाल द्यावी. बारा-तेराला मोठ्यांनी बरोबरीने वाचावी. पाचवी-सहावीतल्या मुलांना आम्ही नको म्हणतो, आणि तसंही पाच जणांच्या नजरेतून फिरणाऱ्या सुरुवातीच्या शंभरेक पानांतच ती कंटाळतात. घरात अलीकडे मृत्यू झाला असेल किंवा मुलाने अत्याचार सोसला असेल, तर वय कितीही असो, पालकांनी आधी वाचायची. यात एक सोय आहे: प्रत्येक प्रकरणावर पात्राचं नाव असतं. वेळ नसेल त्यांनी निदान ‘इनेज’ आणि ‘काझ’ ही प्रकरणं वाचावीत. २०२१ची ‘शॅडो अँड बोन’ ही मालिका पाहून मात्र अंदाज बांधू नये. तिच्या पहिल्या पर्वातली या टोळीची गोष्ट पुस्तकातली नाही.

पालकांना सहसा न सुचणारी गोष्ट फॅनफिक्शनची. पुस्तक आवडलं की मुलं हीच पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा शोधतात. आर्काइव्ह ऑफ अवर ओन या संकेतस्थळावर अशा कथांना वयाची वर्गवारी असते, पण ती लेखकानेच लावलेली, आणि प्रौढांसाठीच्या कथेपुढचा इशारा एका टिचकीत पार होतो. पुस्तकात न लिहिलेलं सगळं तिथे सविस्तर सापडतं. पुस्तक हिसकावून घेतलं तर मूल तिकडेच लवकर वळतं, वर घरी काही सांगेनासंही होतं. वर्गवारी कशी वाचायची आणि ‘एक्सप्लिसिट’ (फक्त प्रौढांसाठी) असेल तर परत फिरायचं, हे सरळ शिकवलेलं बरं.

या आईचा शेवटचा प्रश्न दुसऱ्या भागाचा होता, कारण पहिला भाग ऐन पेचात संपतो. २०१६चा ‘क्रूकेड किंगडम’ जास्त जड आहे: नशा सोडतानाचे हाल आहेत आणि मुख्य सहांपैकी एक जण मरतो. वार्षिक परीक्षा होईपर्यंत थांबायचं ठरलं. त्यात एक मृत्यू आहे हे आईने आधीच सांगावं, कुणाचा ते नाही, ही अट मुलीनेच घातली.